किक हलकी लागते म्हणजे बोअर गेला का?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या १०० सीसी मोटारसायकलची किक हलकी लागू लागली. सकाळी गाडी चालू होईना, चढावर ओढेना. गॅरेजवाल्याने गेज लावले, काटा ५ बारवर थांबला. ‘बोअर किट बदलावी लागेल’ हे ऐकून आणि खर्चाचा आकडा घेऊन मुलगा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आला. गेजने दाखवलेला आकडा खरा होता का, हे आधी पाहू.

कॉम्प्रेशन रेशो ९:१ धरला, तर पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा १००÷(९−१), म्हणजे केवळ १२.५ मिली असते. एवढ्या लहान जागेत मोजण्याचे साधनच आकडा बदलते. गेजची एकदिशा झडप नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला नसून गेजपाशी असेल, तर नळीतली हवाही दाबावी लागते. नळीत ४ मिली जागा असेल, तर रेशो ११६.५÷१६.५, म्हणजे सुमारे ७ होतो. धडधाकट इंजिनही आजारी दिसते! दुसरी चूक थ्रॉटलची. ते पूर्ण उघडले नाही तर सिलिंडरमध्ये हवाच कमी येते. प्लगची कॅप अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा.

आम्ही योग्य गेज लावले. काटा ६ वर गेला. म्हणजे गळती खरीच होती. प्रश्न होता, कुठून?

प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते, व्हॉल्व्हची बुजवत नाही. पण ‘एक चमचा’ हे माप कारचे आहे. इथे ५ मिली ऑइल टाकले तर मोकळी जागा ७.५ मिली उरते आणि रेशो १४ च्या पुढे जातो. दाब वाढणारच, आणि दोष विनाकारण रिंगांवर जाईल. २ मिली पुरे. त्यानेही रेशो १०.५ होतो, म्हणून किरकोळ वाढ सोडून द्या. आमचा काटा ७ च्या आसपासच राहिला. रिंगा सुटल्या, संशय व्हॉल्व्हवर आला.

मग टॅपेट कव्हर उघडले. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी वर. एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टीही शिरेना. विचारल्यावर कळले, टिकटिक आवाज येतो म्हणून त्याने टॅपेट घट्ट करून घेतले होते. सैल टॅपेट आवाज करते, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. घट्ट टॅपेट गप्प असते आणि व्हॉल्व्हला सीटवर पूर्ण बसूच देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमार्फतच बाहेर टाकतो, त्यामुळे असे काही दिवस चालले की तो जळतो. आमचा वाचला होता. मॅन्युअलप्रमाणे फट ठेवल्यावर काटा १० वर गेला.

टॅपेट बरोबर असूनही दाब कमीच आला, तर पिस्टन त्याच जागी ठेवून गाडी गिअरमध्ये घाला, मागचा ब्रेक दाबून धरा आणि प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. हेड आणि सिलिंडरच्या जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे आले तर गॅस्केट.