सहा घरांचें हत्यार



एका निवृत्त शाळामास्तरानें रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. ज्याच्या हातीं सारें आयुष्य खडू राहिला, त्यानें हत्यारांच्या गोष्टी सांगाव्या म्हणजे काय! परंतु उतारवयांत माणसाला कोणता छंद लागेल याचा नेम नाहीं, आणि माझा छंद तर नेमाचाच आहे.

सेवेंतून मोकळा झालों त्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी मला आमच्या जिल्ह्याच्या नेमबाजी मंडळाच्या चांदमारीवर घेऊन गेला. "गुरुजी, फळ्यावर तुम्ही नुसत्या हातानें वर्तुळ काढीत असां. तो हात वायां कां घालवितां?" असें तो म्हणाला. गेलीं आठ वर्षें मी दर रविवारीं तेथें जात आहें. आरंभीं मी पिस्तुलाचा भक्त होतों. आज रिव्हॉल्व्हरचा आहें. हा पालट कसा झाला आणि त्यापासून मी काय शिकलों, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक खुलासा. मी बोलणार तें केवळ मनाच्या विरंगुळ्यासाठीं कागदी निशाणावर केलेल्या नेमबाजीविषयीं. स्वसंरक्षण, पोलीस, सैन्य हे विषय निराळे, आणि माझ्या अधिकाराबाहेरचे. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्रकायदा लागू आहे. परवान्यावांचून असें हत्यार बाळगणें हा गुन्हा आहे. मी वापरतों तीं हत्यारें मंडळाचीं. मंडळाच्या तिजोरींतून तीं निघतात आणि संध्याकाळीं मोजून तेथेंच परत जातात.

आतां या दोहोंतील भेद पाहूं. अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठींत एक चपटी डबी बसविलेली असते. तिला मॅगझिन म्हणतात. तींत काडतुसें एकावर एक रचलेलीं असून एक स्प्रिंग त्यांना खालून वर ढकलीत असते. वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, हातानें मागें ओढून सोडला कीं पहिलें काडतूस नळीच्या मागच्या घरांत जाऊन बसतें. चाप ओढला कीं गोळी पुढें जाते, आणि त्याच स्फोटाच्या जोरानें स्लाइड मागें येते, रिकामी पुंगळी बाहेर फेंकते व परत जातांना नवें काडतूस घरांत नेऊन बसविते. हें सारें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं होतें. चाप मात्र प्रत्येक गोळीला स्वतंत्र ओढावा लागतो. म्हणून हें यंत्र पूर्ण स्वयंचलित नव्हे, अर्धस्वयंचलित.

रिव्हॉल्व्हरची रचना याहून साधी. नळीच्या मागें एक जाड गोल चकरी असते व तींत बहुधा सहा घरें असतात. प्रत्येक घरांत एक काडतूस. घोडा मागें गेला कीं चकरी एक घर फिरते आणि नवें घर नळीच्या ओळींत येतें. येथें स्फोटाचा जोर यंत्र चालविण्यास लागत नाहीं. चकरी फिरविण्याचें काम माणसाचें बोटच करितें. अंगठ्यानें घोडा मागें ओढून मग चाप दाबला तर एक-सवा किलोचा हलका दाब पुरतो. नुसत्या चापानेंच घोडा उचलावयाचा तर चार-पांच किलोंचा लांब ओढा द्यावा लागतो. पुंगळ्या घरांतच राहतात. चकरी उघडून त्या आपल्या हातानें काढाव्या लागतात.

इतिहास पाहिला तर रिव्हॉल्व्हर हा वडील भाऊ. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टनें आपल्या रचनेचें पेटंट इंग्लंडांत १८३५ सालीं आणि स्वदेशीं १८३६ सालीं घेतलें. धातूचें काडतूस मागून भरतां येईल असें स्मिथ आणि वेसन यांचें पहिलें रिव्हॉल्व्हर १८५७ सालीं निघालें. ब्रिटिश सैन्यानें १८८७ पासून वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारलें, आणि त्याच घराण्याची नळी खालीं मोडून उघडण्याची तऱ्हा कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या ·३२ रिव्हॉल्व्हरमध्यें पुढें उतरली. स्वतः भरणारें पिस्तूल याहून धाकटें. ह्यूगो बोर्शार्टचें पिस्तूल १८९३ चें. जॉन ब्राउनिंगचें प्रसिद्ध पिस्तूल अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं घेतलें. तेव्हांपासून धाकट्यानें वडिलास मागें टाकलें, आणि तें रास्तच होतें. वेग, काडतुसांची संख्या व पुन्हा भरण्याची सोय यांत पिस्तूल सरस आहे.

स्पर्धांतहि तेंच दिसतें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. त्या प्रकाराच्या जलद भागांत निशाण तीनच सेकंद समोर येतें. तेवढ्यांत खालीं धरलेला हात उचलून एक गोळी झाडावयाची, सात सेकंद थांबावयाचें, पुन्हा तेंच. अशा वेळीं घोडा अंगठ्यानें मागें ओढीत बसणाराचा निभाव कठीण. म्हणून ज्या तरुणांना पदकाची आकांक्षा आहे त्यांना मी रिव्हॉल्व्हर घ्या असें सांगणार नाहीं.

मीहि पिस्तुलानेंच आरंभ केला. मंडळाचें ·२२ चें पिस्तूल मोठें गोड होतें. धक्का जवळजवळ नाहीं, चाप लोण्यासारखा. पांच गोळ्या अशा सुटत कीं मला स्वतःच्या वयाचा विसर पडे. मात्र ·२२ च्या स्वस्त काडतुसांची मेणचट काजळी आंत सांचे, आणि पन्नास-साठ गोळ्यांनंतर एखादी पुंगळी हटकून अडके. मी तिला किरकोळ उपद्रव समजत असें.

पुढचा प्रसंग सांगतांना मला अजूनहि लाज वाटते. पांच गोळ्यांची फेरी चालू होती. चौथी गोळी सुटली आणि तिची पुंगळी बाहेर न पडतां स्लाइडच्या फटींत उभी अडकली. मीं स्लाइड मागें खेंचली, पुंगळी खालीं पडली आणि मीं हात सोडला. त्याबरोबर पांचवें काडतूस घरांत जाऊन बसलें. इतक्यांत वेळ संपल्याची शिटी झाली व हत्यारें रिकामीं करण्याची आज्ञा झाली. मीं मॅगझिन काढलें. तें रिकामें होतें. माझ्या मनानें हिशेब केला, पांच झाल्या. वस्तुतः गोळ्या चारच झाल्या होत्या. पांचवा होता तो अडथळा. आंतील स्प्रिंगवरचा ताण उतरावा म्हणून पिस्तूल मेजावर ठेवतां ठेवतां मीं चाप ओढला.

बार उडाला. गोळी पुढच्या सिमेंटच्या फरशीवर आपटून समोरच्या मातीच्या बांधांत गेली. परंतु फरशीची एक कपची उडून, शेजारीं खुर्चीवर गुण टिपून घेत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या नडगीला लागली. जखम लहान होती, दोन टाके पडले. पण त्या मुलाच्या पांढऱ्या मोज्यावर उमटलेला लाल डाग मी अद्याप विसरलों नाहीं. त्याचे वडील एके काळीं माझ्या वर्गांत बसत असत. ते मला एक शब्दहि बोलले नाहींत, आणि तेंच मला अधिक लागलें. मंडळानें मला तीन महिने मैदानावर येण्यास मनाई केली. ती शिक्षा योग्यच होती.

हत्यार रिकामें करण्याचा क्रम असा आहे. तोंड निशाणाकडे, बोट चापाबाहेर. आधीं मॅगझिन काढावयाचें, मग स्लाइड मागें ओढून घरांतील काडतूस बाहेर पाडावयाचें, आणि शेवटीं आंत डोळ्यांनीं पाहून खात्री करावयाची. क्रम उलटला, म्हणजे मॅगझिन आंत असतांनाच स्लाइड ओढून सोडली, तर एक काडतूस बाहेर पडून दुसरें त्याच्या जागीं जाऊन बसतें. मीं पहिली पायरी केली आणि पुढच्या दोन गाळल्या. गणितांत पायऱ्या गाळणाऱ्या मुलांचे गुण मीं तीस वर्षें कापले होते! सांप्रत चांदमारीवर रिकाम्या पिस्तुलाच्या घरांत भडक रंगाची दोरी घालून ठेवण्याचा नियम आहे. घर रिकामें असल्याचें दुरूनहि दिसावें, हा तिचा हेतु.

तीन महिन्यांनीं मी परत गेलों तेव्हां पिस्तुलाकडे हात जाईना. कपाटांत एक लांब नळीचें जुनें ·३२ रिव्हॉल्व्हर पडलें होतें. त्यास कोणी विचारीत नसे. चिटणीसांनीं तें माझ्यापुढें ठेवलें. त्या दिवसापासून माझें त्याच्याशीं जमलें.

त्याचा पहिला गुण हा कीं तें कांहीं लपवीत नाहीं. खटका दाबून चकरी बाजूस काढली कीं सहाहि घरें एकदम दृष्टीस पडतात. भरलेलीं किती, झाडलेलीं किती, रिकामीं किती, हें तळहातावरच्या आंवळ्यासारखें स्पष्ट होतें. पिस्तुलाचें मॅगझिन एक सांगतें आणि घर दुसरेंच सांगत असतें; येथें तशी दुटप्पी साक्ष नाहीं. आमच्या फेरींत गोळ्या पांच आणि चकरींत घरें सहा. म्हणजे भरतांना एक घर मोकळें सोडावें लागतें व तें कोठें आहे याचें भान ठेवावें लागतें. मोजण्याची संवय अशी हातालाच जडते.

दुसरा गुण माझ्या वयाशीं संबद्ध आहे. सकाळच्या वेळीं अंगठ्याचा सांधा आंखडलेला असतो. मॅगझिनची स्प्रिंग दाबून काडतुसें भरणें आणि ताठ स्लाइड मागें ओढणें हें मला जड जाई. चकरींत काडतूस नुसतें सोडलें कीं जागेवर बसतें. शिवाय पिस्तुलाला ठराविक जोराचें काडतूस लागतें. दारू थोडी कमी असली तर स्लाइड पुरती मागें जात नाहीं आणि सारें अडतें. रिव्हॉल्व्हरला त्याचें सोयरसुतक नाहीं. सपाट टोकाच्या, सौम्य दारूच्या गोळ्या तें आनंदानें झाडतें, आणि त्या गोळ्या कागदाला कशा स्वच्छ गोल भोंक पाडतात तें पाहण्यासारखें असतें. गुण मोजतांना वाद उरत नाहीं. पुंगळ्या शोधीत गवतांत वांकावें लागत नाहीं, हा आणखी एक लाभ.

परंतु ज्या गुणासाठीं मी या हत्याराचा ऋणी आहें तो निराळाच. नेमबाजाचा खरा शत्रु म्हणजे दचक. आतां आवाज होणार, धक्का बसणार, या धास्तीनें बार उडण्याच्या क्षणींच मनगट खालीं झुकतें, आणि गोळी कागदाच्या तळाशीं जाते. धक्क्याच्या गडबडींत हा दोष स्वतःला दिसत नाहीं. माणूस हत्याराला नांवें ठेवितो. यावर एक सोपी परीक्षा आहे. मित्रानें आपल्या नकळत चकरींत तीन भरलेलीं काडतुसें आणि दोन झाडलेल्या पुंगळ्या मिसळून घालाव्या, चकरी फिरवून बंद करावी आणि हत्यार आपल्या हातीं द्यावें. पुंगळीवर घोडा पडला कीं 'टक्' एवढाच आवाज होतो, आणि त्या शांततेंत नळीचें तोंड कसें गचकन् खालीं गेलें तें साऱ्यांना दिसतें. मी प्रथम ही परीक्षा दिली तेव्हां साफ नापास झालों. दोन वर्षांच्या पिस्तुलबाजींत जो दोष मला कळला नव्हता तो दोन पुंगळ्यांनीं दाखविला. पुढें सहा महिने मी याच परीक्षेंत घासला गेलों, तेव्हां कोठें हात शांत झाला.

आतां दोषहि सांगितले पाहिजेत, नाहीं तर हें व्याख्यान न राहतां जाहिरात होईल. चकरी आणि नळी यांमध्यें बारीक फट असते. बार उडतांना तींतून तप्त वायु व शिशाचे कण बाजूंना फुटतात. तेथें बोट ठेवणारास मोठी इजा होते. दुसरें, चाप ओढूनहि बार न उडाल्यास लगेच पुढचें घर फिरवूं नये. काडतूस उशिरां पेटण्याचा संभव असतो, म्हणून तोंड निशाणाकडे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. तिसरें, आवाज नेहमींपेक्षां अगदीं फुसका आला तर तेथेंच थांबून नळी तपासावी. गोळी नळींतच अडकलेली असूं शकते, आणि रिव्हॉल्व्हर तर पुढची गोळी झाडण्यास केव्हांहि तयार! पिस्तूल वारंवार अडतें पण जागेवर सुटतें. रिव्हॉल्व्हर क्वचित् अडतें, पण अडलें म्हणजे बहुधा कारागिराकडेच न्यावें लागतें.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं त्या दिवशींचा अपराध पिस्तुलाचा नव्हता, माझा होता. बेफिकीर माणसाच्या हातीं सहा घरांचें हत्यारहि तितकेंच घातक आहे. मग मी तें पसंत कां करितों? कारण त्यांतील बहुतेक कामें तें माझ्याकडेच ठेवतें. भरणें माझें, फिरविणें माझें, मोजणें माझें, रिकामें करणेंहि माझें. युद्धांत किंवा शर्यतींत यंत्रानें माणसाचें काम उचलावें हें ठीक. पण ज्या खेळाचा हेतुच मन एकाग्र करणें हा आहे, तेथें यंत्रानें तें काम उचललें तर आपल्यासाठीं उरलें काय? तासाभरांत दोनशें गोळ्या उडवून मी घरीं दमून येत असें. आतां तीस झाडून ताजा होऊन येतों.

तो मुलगा आतां एकोणीस वर्षांचा आहे. पिस्तुलानेंच नेम धरतो, आणि माझ्याहून पुष्कळ चांगला. रविवारीं कधीं कधीं तो माझे गुण टिपावयास बसतो. फेरी संपली कीं वहींतून डोकें न काढतां विचारतो, "गुरुजी, किती झाल्या?" मी तोंडानें उत्तर देत नाहीं. चकरी उघडून त्याच्यापुढें धरतों, आणि तो वहींतून मान वर करून मोजतो.