रकान्याची मर्यादा आणि अक्षरांची मोजणी

संगणकावर अर्ज भरताना नावाच्या रकान्यात टंकन मध्येच थांबल्याचा अनुभव आपल्यापैकी काहींना आला असेल. प्रोग्राम तयार करणाऱ्याने त्या रकान्यास कमाल लांबी ठरवून दिलेली असते. छापील प्रमाणपत्रावरील ओळ मोजकी असते. तेव्हा मर्यादा घालण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो मोजायचे काय, हा.

'लक्ष्मी' हा शब्द घ्या. यात अक्षरे २ : ल आणि क्ष्मी. व्याकरणदृष्ट्या वर्ण ६ : ल्, अ, क्, ष्, म्, ई. युनिकोडमध्ये मात्र चिन्हे ७ : ल, क, हलचिन्ह, ष, पुन्हा हलचिन्ह, म आणि दीर्घ वेलांटी. ('अ' तेथे वेगळा नोंदवत नाहीत, तो व्यंजनचिन्हातच गृहीत असतो.) यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे एकूण २१. साध्या इंग्रजी शब्दात अक्षरे, चिन्हे आणि बाइट यांची संख्या एकच येते. म्हणून प्रोग्रामकर्त्याला हा प्रश्न सहसा पडतच नाही.

विंडोजवरील डॉटनेट प्रोग्रामच्या मजकूरचौकटीस 'मॅक्सलेंग्थ' हा गुणधर्म असतो. देवनागरीच्या बाबतीत तो चिन्हे मोजतो, अक्षरे नव्हे. मर्यादा ५ ठेवल्यास शेवटी पायमोडका 'ष्' उरतो. ही चूक निदान डोळ्यांना खटकते. मर्यादा ४ ठेवल्यास 'लक्ष्मी'चे 'लक्ष' होते. हा शुद्ध, अर्थपूर्ण मराठी शब्द असल्याने तपासनिसाची नजर त्यावरून सहज पुढे जाते. पुढे ओळखपत्र आणि गुणपत्रिका यांवरील नावे जुळली नाहीत, की धावपळ विद्यार्थ्यालाच करावी लागते.

मराठीची आणखी एक गंमत पाहा. 'दुसऱ्या' हा शब्द स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहिल्यास ७ चिन्हे होतात. साधा 'र', हलचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह वापरल्यास ८. पडद्यावरील रूप तेच, लांबी निराळी!

युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड एकक मानण्याचा नियम आला आहे. तो पाळणारे साधन असेल, तर अक्षरसीमा ओळखता येते. तरीही नावाचा रकाना परस्पर कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण मजकूर स्वीकारावा, किती अक्षरे अधिक झाली ते सांगावे आणि काय वगळायचे ते नावाच्या धन्यावर सोपवावे.

स्वाध्याय : 'ज्ञानेश्वरी' या शब्दातील अक्षरे, वर्ण आणि युनिकोड चिन्हे मोजा. मर्यादा ८ चिन्हांची असल्यास रकान्यात काय उरेल, ते लिहा.