लिनक्सवरचा डिस्प्ले: जुने सल्ले आणि आजची वस्तुस्थिती

लिनक्सवर नवा मॉनिटर लावायचा म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल हातानं लिहायची, हा समज अजून टिकून आहे. सीआरटी मॉनिटरच्या काळात तो खराही होता. आडव्या-उभ्या फ्रीक्वेन्सीचे आकडे एक्सऑर्गच्या फाइलमध्ये स्वतः भरावे लागत आणि ते चुकले तर मॉनिटर बिघडण्याची भीती असे. आज मॉनिटर आपली माहिती आपणच देतो. त्याच्या आत ईडीआयडी नावाची, किमान १२८ बाइटची नोंद साठवलेली असते. ग्राफिक्स कार्ड ती केबलमधून वाचतं आणि त्यावरून रिझोल्यूशनची यादी तयार होते. लिनक्स कर्नेलच्या २००९मधल्या २.६.२९ या आवृत्तीपासून, आधी इंटेलच्या कार्डांसाठी, पडद्याचा मोड ठरवण्याचं काम थेट कर्नेलकडे आलं. जुन्या मशीनवरून उचलून आणलेली फाइल आता मदत करण्याऐवजी आडवी येण्याचीच शक्यता जास्त.

मग यादीत १०२४×७६८ च्या वर काहीच का दिसत नाही? दोष लगेच ड्रायव्हरवर टाकला जातो. पण व्हीजीए केबलमध्ये चित्राच्या तारा वेगळ्या आणि ईडीआयडीच्या वेगळ्या असतात. १२ किंवा १५ क्रमांकाची पिन वाकली, की चित्र येत राहतं, मॉनिटरची ओळख मात्र पोचत नाही. स्वस्त कन्व्हर्टर आणि केव्हीएम स्विचमुळेही हेच होतं. म्हणून कमांडला हात लावण्याआधी केबल बदलून पाहा, मधला कन्व्हर्टर काढून पाहा.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला ‘नोमोडसेट’चा आहे, असं मला वाटतं. पडदा काळा राहिला की बूट करताना हा शब्द जोडायला सांगतात. तेवढ्या वेळेपुरता तो योग्यच आहे, कारण काहीतरी दिसलं तरच पुढची दुरुस्ती करता येते. पण त्याचा अर्थ ‘मोड ठरवण्याचं काम ड्रायव्हरला करू देऊ नकोस’ असा होतो. तो ग्रब या बूटलोडरच्या फाइलमध्ये कायमचा राहिला, तर इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कामच सुरू करत नाहीत. रिझोल्यूशन अडकून पडतं, रिफ्रेश रेट बदलता येत नाही, चित्र काढण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि व्हिडिओ अडखळतो. माणूस मात्र सेटिंग्जमध्ये पर्याय शोधत बसतो. सिस्टीमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे कार्डाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसलं, तर चित्र प्रोसेसर काढतो आहे असं समजा आणि आधी ‘नोमोडसेट’ शोधा. उबुंटू किंवा डेबियनवर ग्रबच्या फाइलमधून तो काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवलेलाच चांगला, हा समज विंडोजवरून आलेला. एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५पासून, ४.२ या आवृत्तीपासून, कर्नेलमध्येच आहे, इंटेलचाही तिथेच. एनव्हीडियाच्या कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर लागला, तरी तो आपल्या वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा, म्हणजे कर्नेल बदलला तरी त्याच्याशी जुळणारं मॉड्यूल आपोआप मिळतं. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉलनंतर रीस्टार्ट होताना एक निळा पडदा मॉड्यूलच्या सहीची ‘की’ नोंदवायला सांगू शकतो. तो टाळून पुढे गेलात, तर कर्नेल ते मॉड्यूल नाकारतो आणि ड्रायव्हर टाकूनही चालत नाही.

जुन्या लेखांतल्या ‘एक्सरँडआर’च्या कमांड एक्स११ या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेसाठी आहेत, आणि तिथेही त्यांनी केलेला बदल लॉगआउट झाल्यावर टिकत नाही. एक्स११ची जागा घेणारं वेलँड फेडोरानं २०१६मध्ये आवृत्ती २५पासून डीफॉल्ट केलं. पुढे उबुंटूही त्या वाटेनं गेलं. वेलँडमध्ये पडद्यांची मांडणी डेस्कटॉपच्या हातात असते, त्यामुळे बदल सेटिंग्जमधूनच करायचे. रिफ्रेश रेटही तिथेच तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वर चालत असणं नवलाचं नाही.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणं, ही घरोघरची सवय. एलसीडीचे ठिपके ठरलेले असतात, त्यामुळे मूळ रिझोल्यूशन सोडलं की चित्र ताणून बसवावं लागतं आणि कडा धूसर होतात. देवनागरी वाचणाऱ्याला हे अधिक जाचतं, कारण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे बारीक दुवे आधी पुसट होतात. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. त्यात एक्स११साठी लिहिलेली जुनी अ‍ॅप धूसर दिसू लागली, तर स्केल १०० टक्क्यांवर आणून फक्त मजकुराचा आकार वाढवा. ग्नोममध्ये सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये मोठ्या मजकुराचा पर्याय आहे. तो अक्षरं सव्वापट करतो.