तोंडावरची ओढणी

मुलचेरा तालुक्यात बुद्धवंदनेला बसलेली एखादी मुलगी तोंडावर ओढणी धरूनच त्रिशरण म्हणते, हे आम्ही पाहतो. दात पुढे आलेले असतात. वर्गात उत्तर येत असूनही ती उठत नाही. घरचे म्हणतात, लाजाळू आहे.

तार दातांवर सतत हलका दाब देते. एका बाजूचे हाड झिजते, दुसरीकडे नवे भरते. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. सातव्या वर्षी एकदा दाखवावे, कारण वाढत्या जबड्याला वळण देता येते. दात नीट झाल्यावर बोलकी झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. पण घरातलेच चिडवत राहिले तर नुसत्या तारेने भागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत, अंगणवाडीत येते तेव्हा दात दाखवा. दुभंगलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. तारेसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. खेपा बऱ्याच, रोजी बुडते, हे खरे. लग्नाच्या जेवणावळीआधी हा खर्च मोजावा, असे आम्हाला वाटते.

आणि खर्रा? सुपारीने गाल आतून आवळतात, तोंड उघडेनासे होते. त्याला तार चालत नाही. पोराच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जातात का, आजच पाहा. जात नसतील तर दवाखान्यात न्या.