सौरघटातील द्वारपाल

कार्बनी संयुगांपासून बनवलेला सौरघट प्लास्टिकच्या लवचीक पातळ पापुद्र्यावर शाईसारखा छापता येतो. १९८६ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी अशा दोन थरांच्या घटाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. आज प्रयोगशाळेतील छोट्या घटांनी १९ टक्क्यांची मजल ओलांडली आहे. याचे श्रेय प्रकाश शोषणाऱ्या नव्या रेणूंना मिळते आणि ते योग्यच आहे; पण त्या रेणूंच्या थराच्या दोन्ही अंगांना असणाऱ्या अतिपातळ थरांकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

प्रकाश शोषला गेला की अखेर इलेक्ट्रॉन आणि धन 'पोकळ्या' वेगळ्या होतात. वर्गात सांगताना दोन दारांच्या खोलीचे उदाहरण घ्यावे. इलेक्ट्रॉनांनी एका दाराने, पोकळ्यांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे आहे. दारावर कोणी नसेल तर दोघेही चुकीच्या दाराशी पोचतात, एकमेकांत विलीन होतात आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. म्हणून सक्रिय थर आणि विजाग्र यांच्यामध्ये आंतरपृष्ठीय थर घालतात. तो एकाला वाट देतो, दुसऱ्याला अडवतो. शिवाय विजाग्राची आणि रेणूंची ऊर्जापातळी जुळवून आणतो.

पोकळ्यांच्या दारावर वर्षानुवर्षे पेडॉट-पीएसएस हे बहुवारिक वापरले गेले. ते पाण्यात मिसळून सहज पसरवता येते, जाडी जेमतेम ३०-४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पण त्यातला पीएसएस हा घटक आम्लधर्मी! तो खालच्या इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक विजाग्राला हळूहळू खातो, सुटलेले इंडियम घटात शिरते. त्यात हा थर हवेतला ओलावाही शोषतो. घट कार्यक्षम, पण अल्पायुषी, असा हा प्रकार.

यावर उपाय म्हणून घटच उलटा बांधला गेला: पारदर्शक विजाग्रावर इलेक्ट्रॉनांसाठी झिंक ऑक्साइड, वरच्या धातूखाली पोकळ्यांसाठी मॉलिब्डेनम ऑक्साइड. आम्ल गेले, पण अतिनील किरण पडताच झिंक ऑक्साइड उत्प्रेरक होऊन शेजारच्या रेणूंची मोडतोड करू लागते. द्वारपालच घर पोखरू लागला म्हणायचे!

अलीकडे फॉस्फॉनिक आम्लाच्या गटाने विजाग्राला घट्ट चिकटणारा, केवळ एका रेणूच्या जाडीचा थर पुढे आला आहे. तो प्रकाश जवळजवळ अडवत नाही. मात्र छपाईयंत्रातून धावणाऱ्या लांबलचक पापुद्र्यावर तो कोठेही खंड न पडता बसवणे कठीण आहे. जेथे खंड पडेल, तेथे दार पुन्हा उघडे.