बेताच्या ऐपतीची गोल करवत

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार हाती घेतला, आणि पुढे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. तेव्हापासून यंत्राने कारागिराच्या हातास बळ द्यावे, त्याची जागा घेऊ नये, हा विचार या जिल्ह्यात मुरला आहे. यंत्रांवरील आपल्या टीकेतून शिवणयंत्राचा अपवाद स्वतः गांधीजींनीच केला होता. त्याच न्यायाने, हिंगणघाटचा किंवा आर्वीचा एखादा तरुण सुतार कर्ज काढून टेबल सॉ, म्हणजे मेजात बसविलेली गोल करवत, घ्यावयास निघतो, तेव्हा त्याची खरेदी आपणही आस्थेने पाहिली पाहिजे.

दुकानात पहिली गोष्ट निघते ती मोटारीच्या ताकदीची. माझ्या मते ती शेवटी निघावी. दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचे पाते सुमारे तीन इंच जाडीचे लाकूड कापते. घरगुती कामास तेवढे पुष्कळ झाले. पैसा मोजावा तो सरळपणासाठी. मेजावर जी खाच असते, तिच्यापासून पात्याच्या एका दाताचे अंतर पुढच्या बाजूस मोजावे, त्या दातावर खडूची खूण करावी, पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणावा आणि पुन्हा मोजावे; अर्थात यंत्राची पिन काढूनच. दोन्ही अंतरे जुळली, तर फळी जिला टेकवून पुढे ढकलतात ती गाईड सरकवून, आवळून, पुन्हा सैल करून तीही खाचेशी समांतर बसते की नाही, याची खातरजमा करावी. गाईडचे मागचे टोक केसभरही पात्याकडे झुकलेले असेल, तर फळी दोहोंच्या मध्ये आवळली जाते, पात्याचे मागचे दात तिला उचलतात आणि ती चिरणाऱ्याच्या पोटावर आदळते. हा धोका टाळण्यासाठी पात्यामागे पोलादी पट्टी उभी असते; चिरलेल्या फटीस ती मिटू देत नाही. जिला ही पट्टी नाही, ती करवत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आणि प्लायच्या फळीखाली हातातला कटर उलटा आवळून केलेल्या जुगाडाची तर गोष्टच नको.

आता विजेविषयी. १८०० वॉटची मोटार सुमारे आठ ॲम्पिअर प्रवाह ओढते, म्हणून तिला मोठा सॉकेटच हवा. खेड्यात दाब उतरलेला असताना बारीक, लांब वायरीवर ती चालविली, तर बाभळीच्या फळीत पाते अडते आणि मोटार तापून जळण्याची भीती असते.

हात आखडता घेऊन जे उरेल, त्यातून कार्बाईडच्या दातांची दोन पाती घ्यावीत: उभ्या चिराईस चोवीस दातांचे, आडव्या कापास साठांचे. फळी पात्याजवळ ढकलण्याची काठी मात्र विकत घेण्याचे कारण नाही. सागाच्या टाकाऊ तुकड्याला खाच पाडली की ती तयार होते, आणि नव्या यंत्रावरचे पहिले काम तेच असावे.