मातीचा बांध आणि मालकाचे उत्तरदायित्व

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणे शहर विसरलेले नाही. बांधकाम पूर्ण होण्याआधीच पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि मुठेकाठच्या वस्त्या पाण्याखाली बुडाल्या. पानशेत मोठे होते व शासनाचे होते. परंतु माती लहान-मोठा वा सरकारी-खाजगी असा भेद जाणत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान धरण फुटले. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रार केली होती.

मातीचा बांध मुख्यतः दोन प्रकारे फुटतो. सांडवा अपुरा असला किंवा गाळझुडपांनी तुंबला, तर पाणी माथ्यावरून वाहते आणि भराव कापून नेते. अथवा झिरपणारे पाणी आतील माती वाहून नेते व भरावात पोकळी निर्माण होते. म्हणून पायथ्याशी दिसणारे पाणी गढूळ असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. मोठ्या झाडांची मुळे आणि घुशींची बिळेही पाण्याला वाट करून देतात.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ खाजगी मालकासही लागू आहे. १५ मीटरहून उंच धरणे, तसेच विशिष्ट अटींत बसणारी १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्याच्या सविस्तर तरतुदींखाली येतात. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्यांची तपासणी मालकाने करावयाची असते आणि राज्याची धरण सुरक्षा संघटना त्यावर देखरेख ठेवते. शेतमळ्यावरील लहान बांध बहुधा या मापात बसत नाही. त्याच्याही सुरक्षिततेचा भार कायदा मालकावरच टाकतो. मात्र नियमित देखरेख करणारा अधिकारी तेथे सहसा पोहोचत नाही.

जेथे अधिकाऱ्याची दृष्टी पोहोचत नाही, तेथे सदसद्विवेकबुद्धीने जागे राहावयास हवे. खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई द्यावी, असा दंडक निर्गम ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात आहे. खाजगी मालमत्तेवर समाजाचेही ऋण असते, याचे स्मरण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या विश्वपत्रात करून दिले. पाणी अडविण्याचा लाभ आपला असेल, तर ते सुटल्यास होणाऱ्या हानीचा विचारही आपणच करावयास हवा.

आपल्या संस्थेच्या आवारात किंवा कुटुंबाच्या शेतात असा बांध असल्यास मे महिन्यातच सांडवा मोकळा करावा, जाणकार अभियंत्याकडून भराव तपासून घ्यावा, पाहणीची नोंदवही ठेवावी आणि खालच्या वस्तीतील लोकांचे दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवावेत. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा बांधाच्या खाली राहणाऱ्या शेजाऱ्यासाठीही आहे.